स्वयंपाकघरातील लाकडी फडताळे: ती कशी सिद्ध करावीत व कशी बसवावीत



डहाणूजवळील मसोली व तिच्या आसपासच्या पाड्यांत घरांचे रूप पालटत आहे. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर पेंढा किंवा कौले, अशी घरे पूर्वी सर्वत्र असत. आता त्यांच्या जागी विटांची व सिमेंटाची घरे उभी राहत आहेत. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 साली सुरू झाली. तीत घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर ठरविले असून स्वयंपाकाची स्वच्छ जागाही त्यातच धरली आहे. असे घर मिळाले, किंवा जुने घर नीट करून घेतले, म्हणजे घरधनीण म्हणते की, आता शिंके व कोनाडे पुरेत. ओट्याच्या खाली व वर चांगली लाकडी फडताळे हवीत.

ही इच्छा योग्यच आहे. फडताळात धान्य उंदरांपासून राखले जाते, भांडी धुळीपासून व काजळीपासून वाचतात, आणि लहान घरातील थोडी जागा दुप्पट कामास येते. परंतु फडताळ पाहताना आपण बहुधा त्याचे तोंड पाहतो. दार गुळगुळीत आहे, मूठ चकचकीत आहे, रंग शोभिवंत आहे, एवढ्याने आपले समाधान होते. त्याची पाठ, त्याच्या फळ्यांची टोके, आणि ज्या चार-सहा स्क्रूंवर ते लटकते ते स्क्रू, ह्यांकडे कोणी पाहत नाही. फडताळ बिघडते ते मात्र ह्याच जागी बिघडते. म्हणून प्रस्तुत पाठात एकच गोष्ट मनावर ठसवावयाची आहे. ती ही की, ज्या बाजू दिसत नाहीत त्यांवर दिसणाऱ्या बाजूंइतकीच, किंबहुना अधिक मेहनत घ्यावी.

आपल्या भागात ह्या शिकवणीचे विशेष अगत्य आहे. समुद्राचा खारा वारा, पावसाळ्यातील दीर्घ ओल, वाळवी, आणि 2018 पासून जाणवू लागलेले भूकंपाचे धक्के, हे चार शत्रू येथील प्रत्येक फडताळावर चालून येतात. आणि चौघेही मागून येतात, पुढून येत नाहीत.

1. लाकडाची निवड

आपल्याकडे सागास पहिला मान आहे, आणि तो यथार्थ आहे. सागाच्या गाभ्यात स्वाभाविक तेल असते. त्यामुळे पाणी व वाळवी ह्यांपुढे तो पुष्कळ टिकतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागाचे 'त्रिंकोमाली' नावाचे लढाऊ जहाज बांधले गेले. ते 1817 साली पाण्यात उतरले, आणि दोनशे वर्षे उलटल्यावरही इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात ते पाहावयास मिळते. जे लाकूड समुद्रात इतके टिकते ते मोरीजवळ का टिकणार नाही?

तथापि 'साग' ह्या एका शब्दावर विसंबू नये. खोडाच्या सालीलगतचा फिकट, पांढुरका भाग आणि आतील पिवळसर तपकिरी गाभा ह्यांत मोठे अंतर आहे. टिकाऊपणा गाभ्यात असतो. पांढुरका भाग वाळवी सहज खाते. काही सुतार दर्शनी चौकटीस गाभा वापरतात व पाठीमागे पांढुरक्या फळ्या घालतात. वाळवी भिंतीकडून येत असल्यामुळे तिला तोच भाग प्रथम भेटतो. म्हणून लाकूड घेताना मागच्या फळ्याही उजेडात आणून पाहाव्यात.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे. आपल्या स्वतःच्या शेतातील साग असला तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 अन्वये तो तोडण्यास अधिकाऱ्याची परवानगी लागते. रानातून रात्री आणलेले लाकूड स्वस्त पडते खरे, परंतु त्याची जप्ती झाली म्हणजे फडताळही जाते आणि अब्रूही जाते. वखारीतून लाकूड घेतल्यास पावती मागावी व ती जपून ठेवावी.

ज्यांस नवा साग परवडत नाही त्यांनी मोडलेल्या जुन्या घरांची लाकडे शोधावीत. जुनी तुळई किंवा दाराची चौकट अनेक वर्षे सुकलेली असते व नंतर फारशी वाकत नाही. मात्र तीत जुने खिळे दडलेले असतात. करवत लावण्यापूर्वी ते शोधून काढावेत, नाहीतर करवतीचे दात जातात व कधी हातही जातो.

प्लायवूड घ्यावयाचे असेल तर त्यावरील भारतीय मानकाची खूण वाचावी. 'आयएस 710' ही खूण पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडची आहे. मोरीजवळ व ओट्याखाली तेच वापरावे. 'आयएस 303' ह्या मानकात दोन जाती आहेत. त्यांपैकी उकळत्या पाण्यास तोंड देणारी जात स्वयंपाकघरास चालते, केवळ दमटपणा सोसणारी जात कोरड्या खोलीसच ठीक. लाकडाचा भुसा दाबून केलेले तक्ते वरून सुंदर दिसतात, परंतु कापलेल्या कडेतून पाणी शिरले की ते फुगतात, आणि फुगलेला तक्ता पुन्हा पूर्ववत होत नाही. त्यात स्क्रूची पकडही लवकर सैल होते.

2. लाकूड हलते हे ध्यानात ठेवावे

लाकूड मेल्यावरही हवेशी व्यवहार करीत राहते. पावसाळ्यात ते ओल घेते व रुंदीत फुगते; उन्हाळ्यात ओल सोडते व आक्रसते. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत मात्र तो दिसून येतो. ओला साग पूर्ण कोरडा होईपर्यंत रुंदीत जास्तीत जास्त सुमारे 5.8 टक्के आक्रसतो. ओंडक्याच्या मध्यातून उभी चिरलेली फळी असेल तर सुमारे 2.5 टक्केच. म्हणून शक्य तेथे अशा मध्यातून चिरलेल्या फळ्या दारांसाठी निवडाव्यात.

हा हिशेब एकदा करून पाहावा. आक्रसणे सुरू होते तेव्हा लाकडातील ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 30 टक्के असते. तेव्हा ओल एका टक्क्याने बदलली की रुंदीत सुमारे 0.2 टक्का फरक पडतो. आता 40 सेंटिमीटर रुंदीचे एकसंध फळ्यांचे दार घ्या, आणि उन्हाळा व पावसाळा ह्यांच्या दरम्यान त्यातील ओल 5 टक्क्यांनी वाढते असे धरा. दार सुमारे 4 मिलिमीटर रुंद होईल. एप्रिल महिन्यात ज्या दाराला 2 मिलिमीटर फट ठेवली ते ऑगस्टात उघडणार नाही. आणि मग घरातील मुले ते ओढून ओढून बिजागरीच उखडतील. दोष लाकडाचा नव्हे, हिशेब न करणाऱ्याचा आहे.

ह्यावर जुन्या सुतारांचा उपाय उत्तम आहे. दारास चारी बाजूंनी अरुंद पट्ट्यांची चौकट करावी. चौकटीच्या आतल्या कडांत खाच पाडावी. आणि मधली रुंद फळी त्या खाचेत सैल बसवावी. तिला सरस लावू नये, खिळाही मारू नये. फळी आतल्या आत फुगते व आक्रसते, चौकट आपल्या मापात राहते. आपण जुन्या वाड्यांची दारे पाहिली तर ती ह्याच रीतीने केलेली आढळतील.

लाकूड सुकविण्याची घाई करू नये. एक इंच जाडीच्या फळीस सावलीत एक वर्ष, असा साधारण नियम जुन्या लोकांनी घालून दिला आहे. फळ्यांच्या थरांमध्ये पट्ट्या ठेवून वारा खेळता ठेवावा, वर छप्पर असावे, व ऊन थेट लागू देऊ नये. सुकलेले लाकूड आणल्यावरही ते ज्या घरात बसवावयाचे त्या घरात दोन-तीन आठवडे ठेवावे, म्हणजे तेथील हवेशी त्याचा मेळ बसतो.

3. घासणे, तेल व लाख

रंध्याने फळी साफ केल्यावर काचकागदाने घासावे. काचकागदाचा आकडा जितका मोठा तितका तो बारीक. प्रथम 80, मग 120, मग 180 व शेवटी 220, असे क्रमाने जावे. मधला आकडा गाळल्यास जाड कागदाचे ओरखडे राहतात व तेल लावल्यावर ते उठून दिसतात. घासणे नेहमी रेषांच्या दिशेने करावे, आडवे करू नये. सागावर स्वाभाविक तेल असल्याने शेवटी स्पिरिटमध्ये बुडविलेल्या फडक्याने तो पुसून घ्यावा व लगेच लेप द्यावा.

लेपाचे तीन प्रकार आपल्या उपयोगाचे आहेत.

पहिला जवसाच्या तेलाचा. ते पातळ लावावे, पंधरा-वीस मिनिटांनी वरचे राहिलेले पुसून टाकावे, आणि पूर्ण वाळल्यावरच दुसरा हात द्यावा. असे तीन हात पुरेत. कच्चे तेल वाळण्यास अनेक दिवस घेते. बाजारात 'उकळलेले' म्हणून मिळते ते लवकर वाळते, परंतु त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात, म्हणून पोळपाटास किंवा धान्याच्या डब्याच्या आतल्या बाजूस ते लावू नये.

दुसरा चपड्या लाखेचा. लाख ही आपल्याच देशाची संपत्ती आहे. पळस, बोर व कुसुम ह्या झाडांवर राहणारा एक सूक्ष्म कीटक ती निर्माण करतो, आणि तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे 1924 साली एक संशोधन संस्था स्थापन झाली. एक लिटर स्पिरिटात सुमारे 150 ते 200 ग्रॅम चपडा रात्रभर विरघळवावा, कापडातून गाळावा, आणि मऊ फडक्याच्या बोळ्याने पातळ थरांत लावावा. ही लाख अन्नास अपाय करीत नाही. औषधाच्या गोळ्यांवरही तिचे आवरण देतात. म्हणून धान्याच्या खणांच्या आतून ती फार चांगली. पण गरम पाण्याने तिच्यावर पांढरे डाग पडतात. यास्तव ओट्याच्या काठास किंवा मोरीजवळ तिचा उपयोग करू नये.

तिसरा बाजारात मिळणाऱ्या मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन वॉर्निशाचा. तो पाण्यास व तेलकट हातास उत्तम तोंड देतो. मात्र त्याची वाफ श्वासास वाईट. खिडक्या-दारे उघडी ठेवून, लहान मुलांस बाहेर पाठवून मगच तो लावावा.

आता ह्या पाठाचा मुख्य नियम येथे लागू करा. जितके हात पुढून द्याल तितकेच मागून द्या. एकाच बाजूस लेप दिला तर ती बाजू ओल घेत नाही, उघडी बाजू घेते. एक बाजू फुगते, दुसरी फुगत नाही, आणि फळी पत्रावळीसारखी वाकते. तसेच फळीची कापलेली टोके सपाट बाजूंपेक्षा कित्येक पटींनी अधिक पाणी शोषतात, कारण झाडात मुळांपासून पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची तोंडे तेथे उघडी असतात. टोकांस दोन हात अधिक द्यावेत. फडताळाच्या तळाची जमिनीकडील बाजू तर कोणी कधीच पाहत नाही. फरशी धुताना मात्र पाणी प्रथम तेथेच पोचते.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या महिन्यांत करावे. पावसाळ्यात तेल वाळत नाही, आणि लाखेवर हवेतील ओलीने धुरकट पांढरेपणा येतो.

येथे दोन धोक्यांची सूचना देणे अगत्याचे आहे.

पहिला धोका तेलाच्या चिंध्यांचा. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि त्या क्रियेत उष्णता निघते. चिंधी पसरलेली असेल तर ही उष्णता वाऱ्याने निघून जाते. परंतु तेलकट चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर उष्णता आतच साठते, आणि काही तासांत, कोणी काडी न लावता, त्या चिंध्या पेट घेऊ शकतात. पेंढ्याच्या छपराखाली ह्याचा अर्थ काय होतो हे सांगणे नको. काम संपताच चिंध्या अंगणात दोरीवर एकेरी वाळत घालाव्यात, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवाव्यात.

दुसरा धोका स्पिरिटचा. ते चुलीजवळ किंवा पेटत्या दिव्याजवळ उघडू नये. शिवाय लाकूडकामाच्या स्पिरिटात मेथेनॉल नावाचे विष असू शकते. ते थोडेसे पोटात गेले तरी डोळे जातात, आणि प्राणही जातो. 2015 साली मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत मेथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. उरलेले स्पिरिट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कदापि भरून ठेवू नये. बाटलीवर ठळक खूण करावी व ती कुलपात ठेवावी.

4. भिंतीची परीक्षा

फडताळ किती भार वाहते ह्याची कल्पना आपणांस नसते. 90 सेंटिमीटर रुंद, 60 उंच व 30 खोल एवढ्या मापाचे फडताळ घ्या. त्यात 162 लिटर जागा झाली. ती तांदळाने अर्धीच भरली तरी सुमारे 65 किलो भार होतो. लाकडाचे स्वतःचे वजन सुमारे 25 किलो धरा. एकूण 90 किलो. म्हणजे एक धट्टाकट्टा मनुष्य व त्याच्या कडेवर एक मोठे मूल, दोघे मिळून भिंतीवर लटकलेले आहेत. आता विचारा, आपली भिंत त्यांस धरील काय?

कुडाची भिंत धरणार नाही. तेथे लटकते फडताळ लावूच नये. जमिनीवर उभे राहणारे फडताळ करावे, त्याचे पाय दगडाच्या किंवा फरशीच्या तुकड्यांवर ठेवावेत, आणि वरच्या बाजूने ते घराच्या मेढीस बळकट बांधावे. कूड व फडताळ ह्यांमध्ये चार बोटे जागा सोडावी, म्हणजे वाळवीची मातीची वाट दिसून येईल.

विटांच्या भिंतींतही भेद आहे. 23 सेंटिमीटर जाडीची भिंत भार चांगला घेते. अर्ध्या विटेची आडभिंत, सुमारे 11 सेंटिमीटर जाडीची, कमकुवत असते. तिच्यावर जड फडताळ टांगू नये. भिंतीवर बोटाने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटला आहे असे समजावे, आणि तेथे भोक पाडण्यापूर्वी तो भाग नीट करून घ्यावा.

नव्या घराचा गिलावा ओला असताना फडताळ बसविणे ही अगदी सर्रास होणारी चूक आहे. सिमेंटास पाणी पाजण्याचे दिवस संपल्यावर भिंत निदान महिनाभर वाळू द्यावी. तळहात लावला असता ती थंड व दमट लागत असेल तर अजून थांबावे. बसवितानाही फडताळाची पाठ भिंतीस चिकटवू नये. एक-दीड सेंटिमीटर जागा ठेवावी, म्हणजे मागून वारा खेळतो.

5. बसविण्याचा क्रम

प्रथम वरची फडताळे बसवावीत, मग खालची. खालची आधी बसविली तर वर काम करताना त्यांवर पाय द्यावा लागतो, व हत्यारे पडून त्यांवर खोका पडतात.

उंची ठरविताना घरधनिणीचे माप घ्यावे, सुताराचे नव्हे. ती सरळ उभी राहून हात कोपरात दुमडील तेव्हा कोपराच्या 10 ते 15 सेंटिमीटर खाली ओट्याचा माथा असावा. वरच्या फडताळाचा तळ ओट्यापासून सुमारे 60 सेंटिमीटर वर असावा, आणि रोजच्या भांड्यांची फळी तिला टाचा न उचलता हातास लागावी. शेगडीच्या वर मात्र लाकूड आणूच नये, हे उत्तम. आणावेच लागले तर निदान 75 सेंटिमीटर अंतर ठेवावे. जेथे अजून लाकडाची चूल आहे तेथे तिच्या माथ्यावरची जागा सर्वस्वी मोकळी राहू द्यावी.

भिंतीवर आडवी रेघ मारताना पाणसळ वापरावी. पाणसळ नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांस पाण्याची पातळी पाहावी. गवंडी हेच करतात, व ही रीत बिनचूक आहे. उभी रेघ ओळंब्याने पाहावी. जमिनीवर किंवा छतावर भरवसा ठेवून माप घेऊ नये, कारण ती दोन्ही क्वचितच समतल असतात. फडताळाची चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले म्हणजे चौकट बरोबर.

टांगण्यासाठी फडताळाच्या पाठीस वरच्या बाजूला सागाची एक जाड आडवी पट्टी असावी, व स्क्रू त्या पट्टीतून भिंतीत जावेत. पाठीच्या पातळ तक्त्यातून कधीही जाऊ नयेत. पट्टी, मागची जागा व गिलावा ओलांडून स्क्रू विटेत निदान 4 सेंटिमीटर शिरला पाहिजे. भोक विटेत पाडावे, विटांमधील सांध्यात पाडू नये. भोकात घट्ट बसणारी गुट्टी ठोकावी व तीत स्क्रू फिरवावा. वर सांगितलेल्या मापाच्या फडताळास वर चार व खाली दोन स्क्रू असावेत. भार खाली ओढत असला तरी वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर उपसले जाऊ पाहतात, आणि फडताळ जितके खोल तितका हा उपसा अधिक. म्हणून वरच्या ओळीस अधिक बळ द्यावे.

समुद्राजवळ साधे लोखंडी स्क्रू व बिजागऱ्या लवकर गंजतात. स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी घ्यावेत. पितळ मऊ असते. सागात ते थेट फिरविल्यास मुंडी तुटते. आधी गिरमिटाने भोक पाडावे, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून वाट करावी, तो काढावा, आणि मग पितळी स्क्रूस थोडे मेण लावून तो बसवावा.

खालची फडताळे बसविताना जमिनीचा सर्वांत उंच भाग शोधून तेथून आरंभ करावा, व सखल भागी पायाखाली पाचरा देऊन पातळी जुळवावी. तळ जमिनीपासून 10 सेंटिमीटर वर असावा, म्हणजे झाडू व पाणी आत जाऊन परत येते, आणि वाळवी लपत नाही. दारे सर्वांच्या शेवटी लावावीत.

6. धरणी हलते तेव्हा

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाचे धक्के वारंवार बसू लागले. त्यांतील मोठ्या धक्क्यांची तीव्रता चारच्या किंचित वर गेली. 2019 च्या आरंभी थंडीच्या दिवसांत पुष्कळ कुटुंबांनी भीतीने घराबाहेर रात्री काढल्या. अशा प्रदेशात डोक्यावरचे फडताळ ही केवळ सोयीची वस्तू राहत नाही. ते नीट बसविलेले नसेल तर घरातील सर्वांत लहान मुलावर टांगलेला तो भार आहे.

म्हणून पुढील नियम पाळावेत. जड पातेली, वरवंटा व धान्य खालच्या फडताळात ठेवावे. वर हलकी भांडी व मसाल्याचे डबे. वरच्या दारांस नुसती चुंबकाची पकड न लावता कडी किंवा घट्ट खटका लावावा, कारण धक्क्यात चुंबक सुटतो व भांडी बाहेर पडतात. उघड्या फळ्यांच्या पुढच्या काठास दोन बोटे उंचीची पट्टी ठोकावी. उभे उंच फडताळ वरून भिंतीस किंवा मेढीस जखडावे. फडताळाखाली कोणाचे अंथरूण घालू नये, पाळणा तर मुळीच नको. दाराच्या वाटेत असे काही उभे करू नये की जे पडल्यास बाहेर जाण्याचा मार्ग बंद होईल. आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर प्रत्येक स्क्रू एकदा हाताने तपासावा. सैल झालेला असेल तर तोच पुन्हा आवळून भागवू नये, गुट्टी बदलावी.

7. खर्चाविषयी

फडताळांपायी कर्ज काढू नये. आपल्या डहाणू-तलासरीने कर्जाचे कडू फळ चाखले आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेतलेला वारली त्याचा 'लग्नगडी' होऊन वर्षानुवर्षे राबत असे, आणि ती वेठ मोडण्यासाठी 1945 साली वारल्यांस मोठा लढा करावा लागला. आज सावकार हप्त्याच्या कागदात लपलेला असतो, एवढाच फरक. सगळे स्वयंपाकघर एकदम सजविण्याची आवश्यकता नाही. पहिल्या वर्षी धान्यासाठी एक भक्कम खालचे फडताळ करावे, दुसऱ्या वर्षी भांड्यांचे, वरची मागाहून. सुताराशी बोलणी करताना लाकडाची जात, मापे, मागच्या बाजूचा लेप, स्क्रूचा प्रकार व मजुरी कागदावर लिहून दोघांनी सही करावी. पैसे कामाच्या टप्प्यांनी द्यावेत, व शेवटचा हप्ता दारे लावून उघडून पाहिल्यावर द्यावा. ठरलेली मजुरी मात्र त्याच दिवशी हातावर ठेवावी; सुतारालाही घरी चूल आहे.

उजळणीचे प्रश्न

शिक्षकांनी हे प्रश्न मंडळींस विचारावेत, आणि शक्य असल्यास गावातील एखादे फडताळ पुढे ठेवून उत्तरे दाखवून घ्यावीत.

1. सागाचा गाभा व पांढुरका भाग कसे ओळखावेत? वाळवी कोणता खाते?
2. 50 सेंटिमीटर रुंदीच्या दारातील ओल 4 टक्क्यांनी वाढली तर ते किती मिलिमीटर फुगेल?
3. फळीच्या एकाच बाजूस लेप दिल्याने ती का वाकते?
4. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून का ठेवू नये? त्यांचे काय करावे?
5. आपल्या घरातील फडताळाचे स्क्रू पाठीच्या तक्त्यातून गेले आहेत की जाड पट्टीतून? आज घरी जाऊन पाहा.
6. आपल्या घरी रात्री फडताळाखाली कोण निजते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्यास अवघड वाटेल त्याने पहिले काम अंथरूण हलविण्याचे करावे. लेप व रंग नंतर पाहता येईल.